पेट्रोल की बॅटरी? आधी गाडी लावायला जागा कुठंय ते सांगा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी शेवटच्या पाच मागण्या वाचाव्यात आणि कामाला लागावं. बाकीच्यांनी सावकाश वाचा, मग भांडायला या. भांडण मला चालतं, फक्त आकडे घेऊन या.

गेले काही महिने आपल्या कराडात गाडीवेड्यांचे सरळ दोन तट पडलेत. रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर, लग्नाच्या पंगतीत, अगदी दहाव्याला प्रीतिसंगमावर गेलं तरी हाच विषय. एक पार्टी पेट्रोलवाल्यांची, दुसरी बॅटरीवाल्यांची. पूर्वी असा वाद राजकारणावरून व्हायचा आणि निदान निवडणूक झाली की थांबायचा. हा थांबायचं नाव घेत नाही.

पेट्रोलवाला म्हणतो, "आवाज न्हाय तर गाडी कसली? मिक्सर हाय त्यो." त्याला गिअर टाकताना हाताला लागणारा खटका हवा असतो. कुंभार्ली घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिन ओढतं तेव्हा होणारा आवाज हवा असतो. बॉनेट उघडून चार मित्रांना काहीतरी दाखवायचं असतं.

बॅटरीवाला म्हणतो, "तू बस एकदा माझ्या गाडीत. सिग्नल सुटला की मागं बघ, कोण कुठं राहिलं ते." त्याला पायाखाली दाबल्या क्षणी मिळणारी ओढ आवडते. घाट उतरताना ब्रेकऐवजी मोटार गाडी धरून ठेवते आणि उतारावर बॅटरी थोडी भरते, याचं त्याला कोण कौतुक.

दोघांचंही प्रेम खरं आहे. मी त्याची चेष्टा करणार नाही, कारण तो आजार मलाही आहे. माझ्याकडे जुनी पेट्रोल गाडी आहे. बातमीच्या निमित्ताने आणि मित्रांच्या कृपेने विजेच्या गाड्याही बऱ्याच चालवल्या. दोन्हींत मजा येते. त्यामुळे मी कुठल्याच पार्टीचा कार्यकर्ता नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण हे दोघं ज्या गोष्टीवर भांडतायत ती गोष्ट आपल्या गावात ठरवायची सोय त्यांच्या हातात ठेवलेलीच नाही. पेट्रोलवाल्याला पंपावर काय भरायचं ते निवडता येत नाही. बॅटरीवाल्याला गाडी कुठे चार्ज करायची ते निवडता येत नाही. आणि गावातल्या बहुतेकांना तर दोन्हींतली कुठली गाडी घ्यायची तेही निवडता येत नाही, कारण ते ठरतं घरापुढच्या जागेवरून. माझं म्हणणं एवढंच आहे. आता एकेक घेऊ.

आधी दोघांच्या अर्धवट गोष्टी

पेट्रोलवाल्यांचं आवडतं वाक्य: "वीज कोळशापास्नंच येते की. मग पर्यावरण कसलं?" अर्धं खरं आहे. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज आजही कोळशावर होते. आपल्या राज्यात कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ इथल्या चिमण्या काही शोभेला उभ्या नाहीत.

पण हिशोब पूर्ण करा. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकी उष्णता होऊन जाते. विजेची मोटार नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा वापरते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १०० किलोमीटरला १५ किलोच्या वर सोडते, तेही तेल शुद्ध करण्याचा आणि टँकरने आणण्याचा खर्च न धरता. तेवढ्याच अंतराला विजेच्या गाडीला साधारण १५ युनिट लागतात. आपल्या देशातल्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास धरा, वाटेतली गळती मिळवा, तरी १२ किलोच्या घरात थांबतं. म्हणजे कोळशाची वीज वापरूनही विजेची गाडी कमी धूर करते. थोडा कमी, पण कमीच.

आता बॅटरीवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. बॅटरी बनवताना कारखान्यात जो जास्तीचा धूर निघतो तो फिटायला गाडी भरपूर चालावी लागते. महिन्यातून दोनदा महाबळेश्वरला जाणारी आणि बाकी दिवस कव्हर घालून उभी असलेली विजेची गाडी पर्यावरणाची सेवा वगैरे करत नाही. ती फक्त उभी असते.

बॅटरीवाल्यांचं आवडतं वाक्य दुसरं: "आपली वीज कोयनेची, पाण्याची. आपण स्वच्छ." भावा, कोयनेचा १,९६० मेगावॅटचा प्रकल्प आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे याचा अभिमान मलाही आहे. पण ती वीज वेगळ्या वायरने कराडला येत नाही. सगळी वीज एकाच ग्रिडमध्ये जाते. शिवाय कोयनेच्या पाण्याला लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे ते प्रामुख्याने मागणी चढते त्या वेळेला वापरतात. तू रात्री दोन वाजता गाडी चार्जिंगला लावतोस तेव्हा त्यात मोठा वाटा कोळशाचाच असतो. दुपारी लावलीस तर सौर विजेचा वाटा वाढतो. म्हणून तर दिवसाच्या विजेला सवलत द्यायला सुरुवात झालीय. आणि कोयनेचं नाव घेतोसच, तर त्या धरणासाठी ज्यांनी घरं-शेतं सोडली त्यांच्या पुढच्या पिढ्या पुनर्वसनासाठी अजून भांडतायत, तेही ध्यानात ठेव.

तिसरं वाक्य दोन्ही पार्ट्यांत सापडतं, देशप्रेमाचं. एक म्हणतो, "बॅटरी चीनची." दुसरा म्हणतो, "तेल आखाताचं." दोघंही बरोबर. आपण कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. बॅटरीतले सेल अजून मोठ्या प्रमाणात चीनमधूनच येतात. मोटारीत लागणाऱ्या चुंबकांवर चीनने २०२५ मध्ये निर्बंध घातले तेव्हा आपले कारखानदार हवालदिल झाले होते. तेव्हा गाडीच्या इंधनावरून कुणी कुणाच्या देशभक्तीचं माप काढू नये. गाड्या म्हणाल तर दोन्ही आपल्याच मातीतल्या आहेत. थार नाशिकला बनते, नेक्सॉन रांजणगावला, महिंद्राच्या नव्या विजेच्या गाड्या चाकणला. तिथल्या लाइनवर आपलीच पोरं उभी आहेत.

आणि "बॅटरीची गाडी म्हणजे कालचं खूळ" असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. ताशी १०० किलोमीटरचा वेग जगात पहिल्यांदा ज्या मोटारीने ओलांडला ती विजेवर चालत होती. साल १८९९. गाडीवेड्याला एवढा इतिहास माहीत असावा.

पेट्रोलवाल्यांनो, तुमच्या टाकीत काय आहे?

तुम्ही बॅटरीवाल्यांवर इतके चिडता, पण तुमचं पेट्रोल तरी पूर्वीचं राहिलंय का? पंपावर आता मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. हे उद्दिष्ट मुळात २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं आणि गाठलंसुद्धा. सरकारच्या दृष्टीने हे मोठं यश आहे. तेलाची आयात थोडी घटते, कारखान्यांच्या डिस्टिलरी चालतात, उसाच्या बिलाला आधार होतो. उसाच्या पट्ट्यात राहून मी इथेनॉलला विरोध केला तर घरी जेवण मिळायचं नाही. माझा विरोध इथेनॉलला नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. हे रसायन आहे, यात राजकारण नाही. २० टक्के मिसळलं की लिटरमागे ऊर्जा घटणार, आणि मायलेज थोडंफार पडणार. पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की नव्या जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के आणि इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के फरक पडू शकतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के लिहिलं होतं. त्याच आराखड्यात आणखी दोन गोष्टी होत्या. एक, ऊर्जा कमी मिळते म्हणून अशा पेट्रोलचा दर कमी असावा. दोन, जुन्या गाड्यांसाठी १० टक्केवालं पेट्रोल उपलब्ध ठेवावं.

दर कमी झाला? नाही. १० टक्केवालं वेगळं नोझल तुमच्या पंपावर आहे? बघून या.

२० टक्के मिश्रण चालेल अशा मालमसाल्याच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या. त्याआधीच्या गाड्यांचं काय? आपल्या गावात शोरूममधून नवी गाडी काढणारे किती आणि सेकंडहँड घेणारे किती, हे मी तुम्हाला सांगायला नको. २०१२ ची, २०१५ ची गाडी घेऊन तीत संसार आणि धंदा दोन्ही करणारा माणूस इथे आहे. त्याच्या रबरी नळ्या, त्याचा पेट्रोल पंप, त्याची गास्केटं, हे सगळं त्याच्या खिशावर. हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला, सप्टेंबर २०२५ मध्ये याचिका फेटाळली गेली. कायद्याच्या दृष्टीने विषय मिटला. ग्राहकाच्या दृष्टीने मिटला का?

आणि "उसाला भाव मिळतो" हे सांगताना अजून एक गोष्ट सांगत जा. आता इथेनॉलमध्ये धान्याचा वाटा उसापेक्षा मोठा झालाय, त्यात मक्याचा सगळ्यात जास्त. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका झटक्यात लगाम घातला होता, तेव्हा आपल्याच कारखान्यांची पळापळ झाली होती. म्हणजे ऊसवाल्याच्या नावाने पावती फाडायची आणि निर्णय घेताना त्याला विचारायचंही नाही.

पेट्रोलवाल्यांनो, तुमची ताकद इथे लावा. "मिक्सर, मिक्सर" म्हणून शेजाऱ्याला चिडवण्यात काय मर्दुमकी आहे?

बॅटरीवाल्यांनो, तुमचा हिशोब कुणासाठी आहे?

तुमचा हिशोब मला पाठ आहे. पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास धरा, लिटरला १५ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. विजेची गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. घरची वीज दहा-बारा रुपये युनिट धरली तर किलोमीटरला दीड ते दोन रुपये. किलोमीटरमागे पाच रुपये वाचले. बरोबर आहे. एका अटीवर: गाडी तुमच्या घरी, तुमच्या मीटरवर चार्ज होत असेल तर.

आता शनिवार पेठेत या, सोमवार पेठेत या. जुनी वाडे-घरं, समोर बोळ, बोळात दोन दुचाकी लावल्या की तिसरीला जागा नाही. चारचाकी लावायची ती कुठेतरी लांब, रस्त्याच्या कडेला किंवा कुणाच्या तरी मोकळ्या प्लॉटवर महिना भाडं देऊन. तिथे वायर कुठून आणायची? दुसऱ्या मजल्यावरून सोडायची? भाड्याच्या घरात राहणाऱ्याने घरमालकाला काय सांगायचं? जुन्या अपार्टमेंटमध्ये मीटरच्या खोलीतून पार्किंगपर्यंत केबल न्यायची म्हटली तर मीटिंगला तीन महिने आणि भांडणाला तीन वर्षं.

त्या माणसाने बाहेरचा फास्ट चार्जर वापरायचा. तिथे युनिटला वीस रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या पुढे. म्हणजे ज्याच्याकडे बंगला आणि पोर्च आहे त्याला वीज स्वस्त, आणि ज्याच्याकडे बोळ आहे त्याला तीच वीज दुप्पट महाग. हा हिशोब कधी कुणी स्टेटसला लावत नाही.

पुढे चला. त्याच मॉडेलची विजेची गाडी पेट्रोलपेक्षा साधारण तीन लाखांनी महाग धरा. घरी चार्ज करून पाच रुपये वाचले तर ते तीन लाख फिटायला ६०,००० किलोमीटर लागतात. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणाऱ्या नोकरदाराला आठ वर्षं. महिन्याला २,५०० किलोमीटर फिरणाऱ्या टुरिस्ट गाडीवाल्याला दोन वर्षं.

म्हणजे ही गाडी खरी कुणाच्या फायद्याची? तर जास्त पळणाऱ्याच्या. स्टँडबाहेर थांबणारा, पुण्याला सोडून रात्री परत येणारा, कराड-चिपळूण करणारा जो गाडीवाला आहे, त्याच्या. आणि तिला न परवडणारा कोण? तर तोच. त्याला पोर्च नाही. बँक त्याला कर्ज देताना चार कागद जास्त मागते. पुण्याहून येताना चार्जिंगला चाळीस मिनिटं थांबायचं तर मागे बसलेलं गिऱ्हाईक थांबत नाही. मध्यंतरी एका मित्राबरोबर विजेच्या गाडीतून येत होतो. हायवेवरच्या एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता, चालूही होता. पण त्याच्यासमोर एक डिझेल गाडी लावून मालक जेवायला बसलेले. त्यांचा डाळ-तडका संपेपर्यंत आम्ही उभे. आम्हाला घाई नव्हती म्हणून हसलो. भाडं घेऊन आलेला ड्रायव्हर हसेल का?

कंपन्यांचे रेंजचे आकडेही असेच. २०२० च्या जानेवारीत पहिली नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा कागदावर ३१२ किलोमीटर होते. रोजच्या वापरात लोकांना दोनशेच्या आसपास मिळत होते. आता बॅटऱ्या मोठ्या झाल्यात, गाड्या सुधारल्यात, कराडहून पुण्याला एका चार्जिंगमध्ये आरामात जाता येतं. पण कागदावरचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांतलं अंतर तसंच आहे. पेट्रोल गाडीतही असतं. फरक असा की पेट्रोल संपलं तर बाटलीतून आणता येतं.

सवलत कुणाला, भुर्दंड कुणाला

आता खरा राग येतो ती जागा.

महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के वाहन कर लागतो. एखाद्या मास्तरने आयुष्यात पहिल्यांदा ९ लाखांची छोटी पेट्रोल गाडी घेतली, तर ९९ हजार रुपये फक्त राज्याचा वाहन कर. जीएसटी वेगळा. तो सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ वर आला, ते चांगलंच झालं. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आणि वाहन कर माफ. नव्या तंत्रज्ञानाला हात द्यायचा म्हणून हे मी समजू शकतो.

पण मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी ३० लाखांच्या वरच्या विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता. ३० लाखांच्या वर! ४० लाखांची गाडी घेणाऱ्याला २ लाख ४० हजार द्यावे लागले असते. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो कर मागे घेत असल्याचं सभागृहात सांगितलं. मास्तर ९९ हजार भरतो, ४० लाखांची गाडी घेणारा शून्य भरतो. याला पर्यावरणाचं धोरण म्हणायचं?

टोलचंही तसंच. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात नाव घेऊन पूर्ण टोलमाफी कुठे दिली? समृद्धी, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि अटल सेतू. तासवडे आणि किणी नाक्यांचं नाव त्या यादीत नाही. आपण जिथून रोज जातो ते रस्ते धोरण करणाऱ्यांच्या नकाशावर असतात की नाही, अशी शंका येते. धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय असेल असंही लिहिलंय. वाचायला छान आहे. पुणे-बंगळूर हायवेवरून जाताना तुम्हीच मोजत जा.

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवलेत. खासगी मोटारींना त्यात अनुदान नाही, आणि ते योग्यच आहे. माझं म्हणणं, सरकारचा पैसा गाडीला कमी आणि चार्जरला जास्त जायला हवा. कारण गाडी एकाची असते, चार्जर शंभर जणांचा असतो.

आणि ज्यांच्याकडे कुठलीच गाडी नाही ते? तालुक्यातले कितीतरी लोक या वादात कुठेच नाहीत, ते एसटीची वाट बघत उभे आहेत. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली. १ जून २०२२ ला त्याच मार्गावर विजेवरची पहिली 'शिवाई' धावली. किती आनंद झाला होता! पुढे ५,१५० विजेच्या बस भाड्याने घ्यायचा करार झाला आणि त्या ठरल्या वेळेत आल्याच नाहीत. एक विजेची बस एका फेरीत चाळीस माणसं नेते. पर्यावरणाची खरी कळकळ असती तर आधी रांग तिथे लागली असती.

गॅरेजवाल्याला कुणी विचारलंय?

या भांडणात ज्याचं पोट अडकलंय तो मात्र गप्प आहे. आपले मेस्त्री. ऑइल बदलणं, क्लचप्लेट, प्लग, टायमिंग बेल्ट, रेडिएटर, सायलेन्सर, यावर गावातली गॅरेजं चालतात. विजेच्या गाडीत यातलं बहुतेक काही नाहीच. राहतात टायर, ब्रेक, सस्पेन्शन, एसी आणि डेंटिंग-पेंटिंग. बाकी गाडी उघडायची तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला मिळतं. बॅटरी शेकडो व्होल्टची, चुकून हात लागला तर विषय संपला.

कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं तेव्हाही मेस्त्री संपणार असं बोललं गेलं. नाही संपले. ते शिकले, स्कॅनर घेतले, पोरांना शिकवलं. याही वेळी शिकतील, पण शिकायला जागा हवी आणि माहिती उघडी हवी. केंद्राच्या ग्राहक विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. पोर्टल काढून सोडून देण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही. तालुक्याच्या मेस्त्रीला त्या पोर्टलचा उपयोग होतोय का, हे त्याला जाऊन विचारा. मी विचारलं. तो म्हणाला, "ते काय असतं?"

गाडीवेड्यांनो, तुम्हाला गाडीवर प्रेम करायला याच माणसांनी शिकवलं. तुमची पहिली गाडी त्यांनीच चालू ठेवली. त्यांच्यासाठी तरी एकत्र या.

मग करायचं काय?

 निवडणूक आली की उमेदवार दारात येतात, मोबाइलवर फोटो काढतात. त्यांना आणि आमदार-खासदारांना या पाच गोष्टी विचारा. दोन्ही पार्ट्यांनी मिळून.

१. पालिकेच्या वाहनतळावर आणि बसस्थानकाच्या आवारात साधे, स्लो चार्जर द्या. रात्रभर गाडी लावता येईल असे. दर घरगुती विजेच्या जवळ ठेवा. पेठेतल्या माणसाला बंगलेवाल्याच्या दुप्पट दर का?

२. जुन्या गाड्यांसाठी १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल वेगळ्या नोझलवर मिळू दे. ते जमत नसेल तर २० टक्केवाल्याचा दर ऊर्जेच्या हिशोबाने कमी करा. सरकारच्याच आराखड्यात हे लिहिलंय, आम्ही नवीन काही मागत नाही.

३. ३० लाखांच्या वरच्या गाडीला करमाफी नको, ती कुठल्याही इंधनावर चालो. तो पैसा एसटीच्या बसला आणि चार्जरला द्या.

४. आपल्या आयटीआयमध्ये विजेच्या गाड्यांच्या दुरुस्तीचा छोटा कोर्स सुरू करा, तोही संध्याकाळचा, म्हणजे दिवसा गॅरेज चालवणाऱ्याला येता येईल. आणि कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग बाहेरच्या मेस्त्रीलाही द्यावेत.

५. सेकंडहँड विजेची गाडी विकताना बॅटरीची तब्येत किती टक्के उरलीय याचा दाखला सक्तीचा करा. बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते. ती संपत आलेली गाडी आपल्या गावात येणार आणि आपल्याच पोराच्या गळ्यात पडणार. पुण्या-मुंबईच्या नव्या गाड्या सात-आठ वर्षांनी आपल्याकडेच येतात, हे आजवरचं चित्र आहे.

यातली एकही मागणी पेट्रोलविरोधी नाही, एकही बॅटरीविरोधी नाही. सगळ्या मागण्या एवढंच सांगतात की निवड आमची आम्हाला करू द्या. ज्याला इंजिनाचा आवाज हवा त्याला चांगलं पेट्रोल आणि त्याचा रास्त भाव मिळू दे. ज्याला बॅटरी हवी त्याला घराजवळ प्लग मिळू दे. ज्याला गाडीच नको त्याला वेळेवर एसटी मिळू दे.

मला माहितीय, काही जण लिहितील, "पत्रकार साहेब, तुम्ही दोन्ही डगरींवर पाय ठेवता." नाही हो. मी एकाच बाजूला उभा आहे, बोळात गाडी लावणाऱ्याच्या. तो पेट्रोलची चालवतो की बॅटरीची, याचं मला काही पडलेलं नाही.

आणि काही जण लिहितील, "ईव्हीच भविष्य आहे, तुम्ही मागासलेले." असेल भविष्य. पण भविष्य पुण्याच्या सोसायटीत आधी आणि कराडच्या पेठेत वीस वर्षांनी, हे मला मान्य नाही. कोयनेची वीज आपल्या बाजूने गेली, उसाचं इथेनॉल आपल्या शिवारातून गेलं. दोन्ही इंधनांत आपला वाटा आहे. मग दोन्हींच्या धोरणात आपल्याला कुणी का विचारत नाही?

या रविवारी मिसळ खाताना गाड्यांवर जरूर भांडा. पण उठताना या पाच मागण्यांच्या कागदावर दोन्ही पार्ट्यांच्या सह्या घ्या. कागद मी टाइप करून ठेवलाय, इनबॉक्सला "पाठवा" एवढं लिहा. शंभर सह्या झाल्या की मुख्याधिकाऱ्यांकडे आणि प्रांत कार्यालयात द्यायला जाऊ. कुणाच्या गाडीतून जायचं ते तिथेच ठरवू. नाहीतर चालत जाऊ, लांब कुठंय.